तिनं देवाशी सौदा केला नाही

एक पाय चपलेत घालून ती म्हणायची, "राहू दे मंग, जाते मी."

आणि जायची नाही. दुसरी चप्पल पायरीवर तशीच. गांधीबागेच्या बाजारात कापड विकणाऱ्या कुणालाही विचारा, असं अर्धं उठलेलं गिऱ्हाईक किती महागात पडतं ते! आठवडी बाजारात ती परकर शिवून विकायची. कापड माझ्याकडून न्यायची. मी हातगाडीपासून वर आलेला माणूस, भाव पाडणाऱ्याला तोंडावर हाकलणारा. तिच्यावरही ओरडलो. ती शांतपणे म्हणाली, "ओरडून झालं असन तर खरा भाव सांग गा भाऊ."

मी सांगितला.

सौदा झाला की ती गल्लीतल्या मुरलीधराच्या देवळात जायची. मी जात नसे. बायकोच्या आजारपणात मी देवीला चांदीचं छत्र कबूल केलं होतं, ती बरी होण्याआधीच वाहिलंही. बायको गेली. आगाऊ घेऊन माल न देणाऱ्याशी मी पुन्हा व्यवहार करत नाही.

"रोज काय मागते वं त्याले?" मी एकदा विचारलं.

"काहीच नाही."

"अन् माझ्याशी पैशापैशासाठी भांडते?"

"तू दुकानदार हायेस," ती हसली.

मग तिची एकुलती पोरगी काविळीनं दवाखान्यात पडली. डॉक्टरांचा धीर सुटत चालला, तेव्हा मीच पोरीच्या आईला गाडीत घालून देवळाशी आणलं. देवानं माझं नाही ऐकलं, हिचं तरी ऐकेल, असं वाटलं. "आज तरी माग," मी म्हणालो. ती आत गेली. बराच वेळ उभी राहिली.

"मागितलं?"

"नाही गा. पाहून राहिली होती त्याले."

माझं डोकं फिरलं. "पोरगी तिकडे मरून राहिली अन् तू त्याले पाहून राहिली? मंग जाते कायले तिथं?"

लोक थांबून बघू लागले. ती खाली मान घालून, लाजल्यासारखी बोलली, "पोरीसाठी डॉक्टरच्या पाया पडली मी. तुह्याही पडीन. त्याच्याकडे कामासाठी नाही जात गा भाऊ. आवडते मले तो."

पन्नाशी उलटलेली बाई भर गल्लीत हे बोलली. मी गाडीचं दार उघडलं आणि तिला दवाखान्यात परत नेलं.

पोरगी गेली.

वाईट वाटलंच; पण आता माझ्या बाजूला एक माणूस आलं, असंही मनात आलं. तेरवीनंतर ती गल्लीत दिसली. दुकानाकडे न वळता थेट देवळात शिरली. मी गल्ला उघडा टाकून मागे गेलो. ती देवाला काय सुनावते ते मला ऐकायचं होतं. तिचं झालं की मीही बोलणार होतो. बरंच साठलं होतं.

गाभाऱ्यासमोर तिला हुंदका फुटला. "गेली रे आपली पोरगी," ती म्हणाली. बाहेरगावाहून आलेल्या घरच्या माणसाला सांगावं तसं. आपली, म्हणाली. काहून नेली, हे ती आता विचारेल, मग विचारेल, म्हणून मी थांबलो. तिनं विचारलं नाही. जुळवून आणलेलं माझं भांडण जिभेवरच राहिलं.

रडता रडताच तिनं पुजाऱ्याला हाक मारली, "महाराज, शेला सरकला त्याचा. नीट करा ना."

पुजाऱ्यानं शेला मूर्तीच्या खांद्यावर सारखा केला. तिनं पदरानं डोळे पुसले. ते भरले, पुन्हा पुसले. पाण्यातून तो तिला नीट दिसत नव्हता.