फलाटावरून पाठवणी

जगात माणसांना पोचवायला माझ्या आत्याइतकं मनापासून कोणी गेलं नसेल, आणि तेही गाड्या बंद झालेल्या स्टेशनावर. कापूस ट्रकांनी पळवला, माणसं एसटीनं, आणि खामगावकडची आमची लहानशी रेल्वे बंद पडली. तिकीटघरात बकऱ्या बसू लागल्या, फलाटावर कापसाच्या वाळक्या पराट्यांचे ढीग लागले. आत्याला हे सगळं कळत होतं, फक्त मान्य नव्हतं. "फलाटावरून गेलेला माणूस वापस येते," ती ठणकावून सांगायची. "बबन सरळ एसटीत बसला. आला का मुंबईहून?" बबन म्हणजे तिचा धाकटा मुलगा.

त्यामुळे पाहुणा कुठलाही असो, आधी स्टेशन. बाकावर बसायचं, दशम्यांची शिदोरी मांडीवर घ्यायची आणि समोर उभ्या आत्याकडून स्टेशनाचा इतिहास ऐकायचा. गोरा साहेब कुठे घसरून पडला, सरकीच्या पोत्यावर कोणाचं बाळंतपण झालं. दरवेळी पोतं तेच, बाळंतीण वेगळी. मग आत्या डोळ्यांना पदर लावून हात हलवायची आणि पाहुणा पिशवी उचलून बकऱ्यांमधून एसटीकडे धूम ठोकायचा. एकदा आमचे नवे जावई कुरकुरले, "आत्याबाई, बस निघून जाते ना!"

"काऊन घाई करून राह्यले जावईबापू? गाडी तर अजून आलीच नाही!"

बस गेली. जावई मुक्कामाला राहिले आणि दुसऱ्या दिवशी इतिहास पुन्हा पहिल्यापासून.

पुढे आत्याचं ऑपरेशन ठरलं, अकोल्याला. जीप दारात आली आणि सगळ्यांचे चेहरे उतरले. फलाटाशिवाय जाणार? मी ड्रायव्हरला म्हणालो, "आधी स्टेशनावर घे." तिला बाकावर बसवलं, मांडीवर शिदोरी ठेवली आणि घरचे, शेजारचे सगळे वेड्यासारखे हात हलवू लागलो. जन्मभर पोचवायला आलेली बाई त्या बाकावर पहिल्यांदाच बसली होती. ती रडायलाच लागली. "जाणाऱ्याले असं वाटते होय बे? मले माहीतच नव्हतं."

आली ती परत. ठणठणीत, आणि फलाटावर घ्यायला कोणी आलं नाही म्हणून आठवडाभर फुगलेली.

मागच्या चैत्रात आत्या गेली. दुपारी जेवून आडवी झाली, ती उठलीच नाही. बबन मुंबईहून आला. परत निघाला तेव्हा मी त्याला फलाटावर नेलं, बाकावर बसवलं. इतिहास मला अर्धाच आठवला. हात हलवताना आत्याचा फार राग आला. साऱ्या जगाला फलाटावरून पाठवलं आणि स्वतः मात्र सरळ घरातून निघून गेली.