मूळपुरुषाचं मधलं नाव

माझे सासरे जर्मन वंशाचे. म्हणजे त्यांचा मूळपुरुष अडीचशे वर्षांपूर्वी जहाजातून पेन्सिल्वेनियात उतरला, इंग्रजांच्या वसाहतीत शेती करू लागला आणि तिथल्या मिलिशियात, म्हणजे गरज पडली की नांगर सोडून बंदूक उचलणाऱ्या गावकऱ्यांच्या पलटणीत, भरती झाला. पुढे त्याचं काय झालं हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं आणि कुणाचं काही अडलंही नव्हतं. पण २००५ साली माझा धाकटा दीर नॅशनल गार्ड या राखीव फौजेबरोबर इराकला गेला आणि सासऱ्यांनी त्या पूर्वजाचा ध्यासच घेतला. तो लढाईवरून घरी परतला होता का, एवढंच त्यांना जाणून घ्यायचं होतं. का, ते आम्ही कुणी विचारलं नाही.

त्याच सुमाराला माझे बाबा नागपूरहून आमच्याकडे डब्लिनला आले होते. हे डब्लिन ओहायोतलं. बाहेर बर्फ, गाडी चालवता येत नाही, दिवसभर मी आणि नवरा ऑफिसात. सासू-सासरे मात्र जवळच राहायचे. दोन्ही व्याह्यांचं मेतकूट जमलं ते त्यामुळेच. आमच्या घराण्याची वंशावळ बाबांनी एकट्यानं जमवली होती, तेव्हा पूर्वज शोधण्यात आपला हात धरणारा कुणी नाही, अशी त्यांची ठाम समजूत होती. सासरे त्यांना कौतुकानं 'व्याही' म्हणून हाक मारायचे.

मार्चमध्ये आम्ही चौघं पेन्सिल्वेनियातल्या एका लहानशा गावी गेलो. तिथल्या लायब्ररीत चर्चचे आणि मिलिशियाचे जुने कागद होते. नवऱ्याला रजा नव्हती, गाडी मीच चालवली. मागे सासूबाई फोन मुठीत धरून बसल्या होत्या. दिराची ईमेल आठवडाभर आली नव्हती. तुकडीत कुणी दगावलं की त्याच्या घरच्यांना कळेपर्यंत सगळ्यांचे फोन आणि ईमेल बंद ठेवतात, हे त्यांना माहीत होतं. ते मलाही माहीत होतं, म्हणून मी आरशातून मागे बघायचं टाळत होते.

नाव सापडलं ते बाबांनाच. तीन शब्दांचं होतं. आधी भलतंच एक नाव, मग मूळपुरुषाचं, मग आडनाव. आणि पुढे लिहिलं होतं, मारला गेला.

सासरे वाकून बघत राहिले. बाबांना मात्र धीर नव्हता. आपल्याकडे मधलं नाव बापाचं, नाहीतर नवऱ्याचं. तिसरं काही असू शकतं हे डोक्यात यायचं कारणच नाही. त्यांनी चष्मा सारखा केला आणि निकाल दिल्यासारखं इंग्रजीत जाहीर केलं, "व्याही, हे तुमचे मूळपुरुष नव्हेत. हा त्यांचा मुलगा. मुलगा मारला गेला."

सासूबाई उठल्या आणि कोट न घेताच बाहेर पडल्या. सासरे पांढरेफटक झाले. त्या क्षणी मला बाबांचा असा राग आला की तिथेच ओरडले असते.

परतताना गाडीत सासूबाईंनी फोन मुठीतून सोडला नाही. शेजारी बसलेल्या बाबांनी हळूच विचारलं, "काय गं, माझं काही चुकलं का?"

"बाबा, त्यांचा मुलगा तिकडे आहे."

"अगं, मी आपलं नावावरून सांगितलं..."

"आता प्लीज गप्प बसा."

दोन दिवसांनी दिराची ईमेल आली. गेलेला दुसराच कुणीतरी होता. तरीही सासूबाईंनी रविवारचं जेवण कॅन्सल केलं, मग पुढच्या रविवारचंही. सासरे फोनवर माझ्याशी बोलायचे, बाबांची चौकशी करायचे नाहीत. लेकीच्या सासरी जाऊन आपण काय बोलून बसलो, या विचारानं बाबांचं जेवण तुटलं. परतीचं तिकीट अलीकडे आणता येईल का, असंही ते विचारू लागले.

एप्रिलमध्ये सासऱ्यांच्या ब्लड प्रेशरच्या गोळ्या आणायला मी औषधाच्या दुकानात गेले. काउंटरवरच्या मुलीनं जे नाव पुकारलं ते माझ्या ओळखीचं नव्हतं, म्हणून मी ढिम्म उभी. मग बाटलीवरचं लेबल पाहिलं. सासऱ्यांना आम्ही ज्या नावानं ओळखतो ते मध्ये होतं, आणि आधी तेच भलतं नाव, त्या कागदावरचं. मी पार्किंगमधूनच नवऱ्याला फोन केला.

"अगं, ते नाव आमच्याकडे डॅडच्या पिढीपर्यंत सगळ्याच पुरुषांना असायचं," तो म्हणाला. "जर्मन लोकांत सख्ख्या भावांनाही एकच पहिलं नाव ठेवायचे. वापरायचं ते मधलं. तुला सांगितलं नव्हतं?"

नव्हतं सांगितलं. म्हणजे त्या कागदावर मुलगा नव्हताच, खुद्द मूळपुरुष होता.

त्याच दुपारी मी बाबांना घेऊन सासऱ्यांकडे गेले. सासूबाईंनी दार उघडलं आणि तडक स्वयंपाकघरात निघून गेल्या. बाबा बसले नाहीत. उभ्यानंच आपली चूक सांगून मोकळे झाले.

"मला माहीत होतं," सासरे म्हणाले. "तिथेच कळलं होतं. मलाही कुणी पहिल्या नावानं हाक मारत नाही."

"मग बोलला का नाहीत, डॅड?" माझा आवाज चढलाच.

"मुलगा मारला गेला म्हणाले ना हे, त्यापुढचं मला ऐकूच आलं नाही. चुकीचं आहे हे कळत होतं. तरी रोज सकाळी डोळे उघडले की तेच वाक्य." ते खुर्चीत पुढे सरकले. "मेला तो बाप. चर्चच्या नोंदीप्रमाणे त्याचं पोर तेव्हा रांगत होतं, ते जगलं. त्याच्यापासून आम्ही सगळे. बाप गेलेला मला चालेल." मग बाबांकडे वळून म्हणाले, "व्याही, तुम्ही म्हणा. तुमच्या तोंडून गेलंय ते, तुमच्याच तोंडून फिरू दे."

आई असताना 'अभद्र बोलू नका' म्हणायची तेव्हा बाबा तिला हसायचे. आता हसले नाहीत. दीर पुढच्या वर्षी धडधाकट घरी आला, पण त्या दुपारी ते आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. बाबांनी हात जोडले आणि एकेक शब्द सुटा करत म्हणाले, "द फादर डाइड. द सन लिव्ह्ड."

स्वयंपाकघरातला नळ बंद झाला. सासूबाई ओल्या हातांनी दारात येऊन उभ्या राहिल्या. त्या लायब्ररीपासून त्या बाबांशी एक अक्षर बोलल्या नव्हत्या.

"पुन्हा म्हणा," त्या म्हणाल्या.