एव्हरेट रेझेंडिसची गुप्त जागा

एव्हरेट रेझेंडिस खोटारडा आहे असं आमच्या गावात कुणी म्हणणार नाही. चाळीस वर्षं त्याने घरोघरचे बॉयलर दुरुस्त केले आणि न बिघडलेला भाग बिघडला म्हणून कधी कुणाच्या गळ्यात मारला नाही. चर्चच्या दानपेटीची किल्ली त्याच्याकडे असते. पण मासा कुठे मिळाला एवढंच विचारा, की हाच सज्जन माणूस तुमच्या डोळ्यांत बघून इतकं धडधडीत खोटं बोलेल, की तुम्हाला त्याचं कौतुक वाटावं.

तसा हा आजार इथे सगळ्यांनाच आहे. मे महिन्यात पाण्याचा गारठा कमी झाला की दक्षिणेकडून पट्टेरी बास मासे वर येतात, त्यांच्या मागोमाग ब्लूफिश येतात, आणि मग पूर्वेला निघालेला माणूस शेजाऱ्याला पश्चिमेला चाललो म्हणून सांगतो. एव्हरेटने मात्र या खोटेपणाला पार कळस चढवला होता. तो आपला निळा ट्रक गावच्या धक्क्यावर, सगळ्यांना दिसेल असा लावायचा. मग छातीपर्यंतची रबरी विजार चढवून क्रॅनबेरीच्या मळ्यामागून मैलभर उलट्या दिशेने चालत जायचा, तो थेट खाडी समुद्राला मिळण्याआधी जिथे वळण घेते तिथे. या जागेला त्याने मनातल्या मनात ‘कोपर’ असं नाव दिलं होतं. मोठ्याने ते नाव त्याने बायकोसमोरसुद्धा उच्चारलं नव्हतं. परतताना बुटांचा काळा चिखल धुऊन त्यांवर धक्क्याजवळची पांढरी वाळू चोळायची, आणि मगच व्हर्ना बेअर्सच्या दुकानात कॉफीला जायचं, हा त्याचा तीस वर्षांचा नेम.

व्हर्नाच्या दुकानात गळ, दोऱ्या, जिवंत किडे आणि कॉफी, सगळं एकाच काउंटरवर मिळतं. भिंतीवर एक फळा आहे. वसंतातला पहिला ताजा बास ज्याला मिळेल त्याचं नाव त्यावर वर्षभर राहतं. ताजा म्हणजे समुद्रातून नुकताच आलेला. काही आळशी बास सगळा हिवाळा नदीतच काढतात, ते मोजले जात नाहीत. ताज्या माशाच्या शेपटीपाशी समुद्री उवा चिकटलेल्या असतात, आणि त्या बघणारा एक साक्षीदार लागतो. बहुतेक वेळा एव्हरेटला वाटेत सापडणारा एखादा खेकडे धरणारा त्याची साक्ष द्यायचा. गेल्या सोळा वर्षांत नऊ वेळा फळ्यावर एव्हरेटचं नाव होतं. काउंटरवर एका पुठ्ठ्याला त्याने बांधलेले, छोट्या माशासारखे दिसणारे केसांचे गळ टोचून ठेवलेले असतात. पिवळे आणि शेवाळी केस, गळ्यापाशी लाल दोऱ्याचा एक वेढा. पुठ्ठ्यावर नाव, ‘रेझेंडिस स्पेशल’. त्या पुठ्ठ्याकडे बघताना एव्हरेटची छाती किती फुगायची हे आम्ही सगळ्यांनी पाहिलं आहे.

यंदा जानेवारीत त्याचा डावा गुडघा बदलला. डॉक्टरांनी वर्षभर एकट्याने पाण्यात उतरायचं नाही असं सांगितलं, आणि डल्सीने ते ऐकलं. डल्सी म्हणजे त्याची बायको. तिने तीस वर्षं शाळेचं स्वयंपाकघर चालवलं, तीनशे पोरांना उकडलेले वाटाणे खायला लावले. तिच्यापुढे एव्हरेट म्हणजे काय. तिने रबरी विजार आपल्या कपाटात टांगली, ट्रकची किल्ली एप्रनच्या खिशात टाकली आणि सांगितलं, “कुणालातरी बरोबर घे, मग खुशाल जा.”

हे ऐकायला सोपं आहे. पण बरोबर माणूस न्यायचा म्हणजे कोपर दाखवायचं, आणि कोपर दाखवलं की पुढच्या रविवारी तिथे अर्धं गाव उभं. न न्यावं तर वसंत गेला. एव्हरेटला अडुसष्ट पूर्ण झाली होती, आणि असे किती वसंत हातात आहेत याचा हिशोब तो अलीकडे झोप येईपर्यंत करत असे.

दोन आठवडे तो माणसं पारखत बसला. फादर लीमा चालले असते, त्यांच्या कानात सांगितलेलं बाहेर जात नाही. पण फादर स्वतः गळ टाकतात, आणि कबुलीजबाबाचा नियम फक्त बोलण्याला आहे, जाण्याला नाही. मेहुणा गिल चांगला धट्टाकट्टा, पण त्याच्या पोटात तीळ भिजत नाही. डल्सी म्हणाली, मीच येते, घडीची खुर्ची घेऊन बसते आणि गप्पा मारते. त्या दिवशी एव्हरेट जेवला नाही. बरं, यंदा थंडी रेंगाळली होती, मेचा दुसरा आठवडा आला तरी फळा कोरा होता. तो कोरा फळा त्याला घरी बसूनही दिसायचा.

मग त्याला विन क्रोवेल सुचला.

विन गावचा जुना पोस्टमन. बायको वारलेली, वय चौऱ्याहत्तर. एके काळी एव्हरेटच्या तोडीस तोड मासेमारी करणारा. चाळीस वर्षं दोघांनी रोज एका काउंटरवर कॉफी घेतली आणि एकदाही एकत्र गळ टाकला नाही. दोन वर्षांपूर्वी विनच्या डोळ्यांचा मधला भाग गेला. त्याला कडेचं दिसतं, समोरचं नाही. गाडी सुटली, गळ सुटले. एव्हरेटला त्याची मनापासून कीव यायची. पण या वेळच्या कीवेच्या आत आणखी एक विचार होता, आणि तो त्याला स्वतःलाही जरा लाजिरवाणा वाटला. ज्याला रस्ता दिसत नाही, तो रस्ता सांगणार कसा?

विनने फार आढेवेढे घेतले नाहीत. मी पडलो तर ओरडायचं, एवढंच काम आहे, असं एव्हरेटने सांगितलं. ओरडायला डोळे लागत नाहीत, असं म्हणून विनने होकार दिला.

पहाटे साडेपाचला डल्सीने रबरी विजार दिली, किल्ली दिली, थर्मास दिला, लिंग्विसा सॉसेज घातलेले चार पाव दिले. आपला भांडी विसळायचा पिवळा टब ट्रकमध्ये जाताना तिने पाहिला आणि फक्त एक सुस्कारा सोडला. तो टब कमरेला पट्ट्याने बांधायचा, ओढून घेतलेली दोरी त्यात पडते, पाण्यात वाहून जात नाही. यापायी तिचे आजवर पाच टब गेले आहेत.

नव्या गुडघ्याने मैलभर चालणं शक्य नव्हतं, त्यामुळे ट्रक आतपर्यंत न्यावा लागणार होता. एव्हरेटने खबरदारी घेतली. मोठ्या चौकातल्या गोल रस्त्याला त्याने तीन फेऱ्या मारल्या. मग कचरा डेपोच्या बाजूने गेला, परत आला, शाळेमागून वळला. विन शांतपणे पाव खात होता. चौकाची चौथी फेरी सुरू झाली तेव्हा त्याने तोंड पुसलं.

“एव्हरेट, पेट्रोल काय फुकट मिळतं? मळ्याच्या पंपहाऊसच्या रस्त्याने घे की सरळ.”

एव्हरेटने ट्रक बाजूला थांबवला. मग त्याने मुकाट्याने पंपहाऊसचा रस्ता धरला. मळ्यामागे चरावर दोन फळ्या टाकलेल्या आहेत, तिथे विन पुढे झाला आणि मान तिरकी करून, डोळ्याच्या कडेने बघत म्हणाला, “उजवीवर पाय ठेव. डावी मोडली आहे.”

“तुला काय माहीत?”

“माझ्याच पायाखाली मोडली.”

कोपरावर ओहोटी लागली होती. पाणी वळणावरून घाईने समुद्राकडे निघालं होतं. कुणा कालवं पिकवणाऱ्याचा एक जुना लाकडी खांब तिथे काठाशी उभा आहे. विनने त्याच्यावर हात फिरवला आणि मग जे सांगितलं ते ऐकून एव्हरेटला टबासकट खाली बसावंसं वाटलं. ही जागा विनला एव्हरेटच्या तीन वर्षं आधी सापडली होती. एक दिवस चिखलात नवी पावलं दिसली, डावा पाय जरा बाहेर पडलेला. तशीच पावलं रेझेंडिसांच्या अंगणातल्या बर्फात तो पत्रं टाकताना रोज बघत असे. त्या दिवसापासून सकाळची ओहोटी त्याने सोडून दिली आणि संध्याकाळची धरली.

“आणि तुझी पावलं मला कधी कशी दिसली नाहीत?”

“मी गवतावरून चालतो. शहाणी माणसं चिखलातून जात नाहीत.”

“सकाळ का सोडलीस?”

“सकाळी मला पत्रं वाटायची असायची,” विन म्हणाला. पण रविवारी पत्रं नसतात, हे दोघांनाही ठाऊक होतं.

एव्हरेटला राग आला, आणि राग कुणावर काढावा हेही कळेना. तीस वर्षं त्याने चोळलेली वाळू, ते मैलभर उलट्या दिशेने चालणं, आणि जागा काही त्याची नव्हतीच. तो तसाच पाण्यात शिरला. गुडघाभर पाण्यात नवा गुडघा लटपटला, तेवढ्यात मागून विनच्या हाताने त्याचा कमरपट्टा पकडला. हात पोस्टमनचाच होता, घट्ट.

पहिल्याच फेकीला दोरी ताणली गेली आणि लगेच सैल पडली. ओढून पाहिली तर टोकाला गळ नाही, कात्रीने कापावी तशी कापलेली. दुसऱ्या फेकीलाही तेच.

“ब्लूफिश आलेत,” मागून विन म्हणाला. “दात आहेत बघ लेकाच्यांना. तार लावायची होतीस.”

तार घरी राहिली होती. ‘रेझेंडिस स्पेशल’ही दोनच आणले होते. विनने आपल्या टोपीला टोचलेला एक गळ काढून पुढे केला. एव्हरेटने तो उजेडात धरला. पिवळे आणि शेवाळी केस, रंग उडालेले, गंजाचा डाग, आणि गळ्यापाशी लाल दोऱ्याचा एक वेढा.

सोळा वर्षांपूर्वी या खांबाला टोचलेला असाच एक गळ त्याला मिळाला होता. कुणी सुट्टीवर आलेला पाहुणा विसरला असेल, असं म्हणून त्याने तो घरी नेला, उसवून पाहिला, तसाच बांधला. त्या वर्षी फळ्यावर पहिल्यांदा त्याचं नाव लागलं.

“तो तू विसरला होतास?” त्याने विचारलं.

“विसरतोय कशाला. तुझे तुटलेले गळ या खांबाला अडकलेले सापडायचे. मेलेला उंदीर गुंडाळल्यासारखे. बघवेना, म्हणून एक टोचून ठेवला.”

“आणि मी माझ्या नावाने दुकानात लावला, तेव्हा बोलला का नाहीस?”

“कसा बोलणार? बोललो असतो तर मी इथे येतो हे तुला कळलं असतं.”

विनच्या जागी एव्हरेट असता तरी अगदी असाच गप्प बसला असता. त्याने तो गळ दोरीला बांधला, टब सोडून विनच्या कमरेला लावला आणि काठी त्याच्या हातात दिली. विन नको म्हणाला. मला दोरी कुठे पडते तेही दिसत नाही, म्हणाला. “मला दिसतं,” एव्हरेट म्हणाला. आता त्याने विनचा पट्टा धरला होता, खरं तर स्वतः पडू नये म्हणूनच.

पहिली फेक आखूड पडली, दुसरी गवतात. डावीकडे, आणखी डावीकडे, आता लांब, असं एव्हरेट सांगत गेला. पाचव्या फेकीपासून हातांना सगळं आठवलं. सातव्या फेकीला काठी वाकली आणि या वेळी दोरी कापली गेली नाही. मासा प्रवाहाबरोबर जड ओढत निघाला. तो कोणता आहे हे विनला बघावं लागलं नाही.

उथळ पाण्यात आल्यावर विनने खाली वाकून माशाला जबड्यापाशी धरलं आणि दुसऱ्या हाताचा अंगठा शेपटीपर्यंत हळूहळू नेला. एव्हरेटला उवा दिसत होत्या, पण त्या त्याने विनला शोधू दिल्या.

“आहेत,” विन म्हणाला. “दोन. नाही, तीन.” मग मासा सोडून दिला तरी तो तसाच वाकून राहिला. “मला वाटलं होतं, हे संपलं माझं.”

दोन वर्षं हा माणूस रोज शेजारी बसून कॉफी पीत होता, आणि आपण त्याला येतोस का म्हणून एकदाही विचारलं नाही, याची एव्हरेटला शरम वाटली. विचारलं ते केव्हा, तर त्याचे डोळे आपल्या सोयीचे झाले तेव्हा. तेही त्याने तिथेच, पाण्यात उभ्या उभ्या सांगून टाकलं.

“ते मला चौकाच्या दुसऱ्या फेरीलाच कळलं,” विन म्हणाला.

दुकानात पाच-सहा जण होते. एव्हरेटने फळ्यावर विन क्रोवेल लिहायला सांगितलं. व्हर्नाने साक्षीदार कोण म्हणून विचारलं, आणि आपणच, असं एव्हरेटने सांगितल्यावर दुकानभर हशा पिकला. मग त्याने पुठ्ठा काढून घेतला, तिचं पेन घेतलं आणि त्यावर काहीतरी खरडलं.

“काय लिहितोयस?” विनने विचारलं. “मला दिसत नाही. वाचून दाखव.”

“क्रोवेल स्पेशल,” एव्हरेट पुटपुटला.

“मोठ्याने वाच. व्हर्नाला कमी ऐकू येतं.”

व्हर्नाला पलीकडच्या रस्त्यावरचं कुजबुजणंही ऐकू येतं. एव्हरेटचे कान लाल झाले, पण तो ताठ उभा राहिला आणि म्हणाला, “क्रोवेल स्पेशल. हा गळ विनचा आहे. मला सापडला होता, मी माझा म्हणून सोळा वर्षं मिरवला.”

एवढं खरं त्या काउंटरवर आजवर कुणी बोललं नव्हतं. व्हर्नाने मात्र खडू हातात तसाच धरून त्याच्याकडे रोखून पाहिलं.

“सापडला? कुठे सापडला?”

“धक्क्यावर,” एव्हरेट म्हणाला.

“दीपगृहाच्या खडकांवर,” त्याच क्षणी विन म्हणाला.

दोघांच्याही बुटांना काळा चिखल होता. पांढरी वाळू चोळायची त्या दिवशी राहून गेली होती. व्हर्नाने बुटांकडे पाहिलं, मग दोघांकडे पाहिलं, आणि त्यांच्या कपांत कॉफी ओतली. विनने एव्हरेटला, उद्या किती वाजता, म्हणून विचारलं. उद्याची ओहोटी पन्नास मिनिटं उशिरा होती, आणि हे चौऱ्याहत्तर वर्षांच्या विनला कुणी सांगायची गरज नव्हती. तरी एव्हरेटने सांगितलं.