कोनी इचारलाच न्हाय

पूर्णा गावातल्या एका गोदामात मी पॅकिंगची सुपरवायझर आहे. तिथं झाडलोट करणारी एक मावशी होती. तिच्या ओळखपत्रावरचा ‘हाउसकीपिंग’ एवढा एकच शब्द मी वाचला होता. वरचं नाव कधी वाचलंच नाही.

एका दुपारी पॅकिंग करणाऱ्या एका पोरीला टेबलापाशीच कळा सुरू झाल्या. दिवस भरायला अजून अवकाश होता. रुग्णवाहिका मानकोलीच्या ट्रॅफिकमध्ये अडकली. आम्ही सगळ्या नुसत्या ओरडत होतो. मावशीनं झाडू भिंतीला टेकवला, कोपरापर्यंत हात धुतले आणि पुरुषांना बाहेर काढलं. पोरीच्या पोटावर हात ठेवून ती हळूच म्हणाली, “घाबरू नको बाय, मी हाय.”

रुग्णवाहिका आली तेव्हा बाळ आईच्या छातीवर रडत होतं. सोबत आलेल्या डॉक्टरीणबाईंनी मावशीला विचारलं, “तुम्ही नर्स आहात का?”

“न्हाय. गावात बाळंतपणं करायची. आता समद्या दवाखान्यात जातात, ते बराच झाला.”

“मग इथं कधी बोलली नाहीस?” मी म्हणाले.

“कोनी इचारलाच न्हाय. झाडता येते का, येवराच तुमी इचारलात.”

खरंच, तिची मुलाखत मीच घेतली होती.

आता नवी बाई कामाला आली की अर्ज बाजूला ठेवून मी विचारते, “तुम्हाला काय काय येतं?” बऱ्याच जणी आधी गोंधळतात. परवा एक जण आधी “झाडता येतं” एवढंच म्हणाली, आणि मग हसून बाकीचं सांगायला लागली.