साहेबांसाठी फणसपोळी

आयर्लंडला जायचं हे माझंच खूळ. नवऱ्याला जॉर्जिया चाललं असतं, मुलाला वायफाय असेल ते कुठलंही ठिकाण. मला मात्र तेच बेट हवं होतं. ओलं, हिरवं, केल्टिक काळातल्या दगडांचं, जिथे रस्त्यावरच्या पाट्यांवर अजून त्यांची जुनी भाषा इंग्रजीच्या वर लिहितात. इथे आखातात, खलिफा सिटीतल्या आमच्या खिडकीतून भिंती, वाळू आणि उन्हाळ्यातलं आभाळ एकाच रंगाचं दिसतं. चौदा वर्षं ते बघून मी कंटाळले होते.

पण इथे आमच्यात सुट्टी म्हणजे गाव. कंपनी वर्षातून एकदा घरचं तिकीट देते आणि ते मुकाट्याने घराकडेच जातं. माझी आई चिपळूणला भावाकडे असते. वर्षातले वीस दिवस मी तिची, बाकीचे फोनवर. यंदा ते वीस दिवस आयर्लंडला द्यायचे होते, आणि तिला तसं सांगायची माझी हिंमत नव्हती. म्हणून मी इथे सगळेच मारतात ती थाप मारली.

"आई, साहेब रजा देत नाहीत गं यंदा."

"मेला कोण आहे तो? त्याला आई नाही का?"

साहेबांनी जानेवारीतच सही केली होती. वर "एन्जॉय" असंही म्हणाले होते.

त्यानंतर मी झपाटल्यासारखी तयारीला लागले. ऑफिसात एक्सेल उघडं, घरी नकाशा उघडा. डब्लिनला दोन रात्री की तीन, यावरून नवऱ्याचं डोकं खाल्लं. बाहेर बेचाळीस डिग्री असताना तिघांचे रेनकोट आणले. एका जागी बसवत नव्हतं. हात रिकामे राहिले की आईचा आवाज आठवायचा, म्हणून मी ते रिकामे ठेवलेच नाहीत.

मग व्हिसासाठी पासपोर्ट द्यायचा दिवस आला. इथे राहणाऱ्याचा पासपोर्ट कपाटाच्या वरच्या खणात असतो, हाताला लागेल असा. का, ते कुणी बोलत नाही. गावाहून फोन येऊ शकतो, म्हणून. काउंटरवरच्या मुलीने माझा पासपोर्ट पाकिटात घालून पाकीट बंद केलं, तेव्हा मी तिला दोनदा विचारलं, मध्येच परत मागितला तर मिळेल ना. गाडीत बसल्यावर मुलगा म्हणाला, "मम्मी, रिलॅक्स, इट्स जस्ट अ हॉलिडे."

नवव्या दिवशी भावाचा फोन आला. आई मोरीत पडली होती, खुब्याचं हाड मोडलं होतं, दुसऱ्या दिवशी ऑपरेशन होतं. त्याने फोन तिच्या कानाला लावला.

"तू धावपळ करू नकोस," आई म्हणाली. आवाज अगदी बारीक होता. "साहेबाशी भांडून नोकरी घालवशील. मी इथे सगळ्यांना सांगितलंय, तिचा काही दोष नाही, तिला सोडत नाहीत."

ती माझ्याच थापेने माझी बाजू सावरत होती. मला स्वतःची किळस आली.

नवरा शांतपणे म्हणाला, "पासपोर्ट परत घेतलास तर तुझा अर्ज खलास. भाऊ आहे ना तिथे? दोन-चार दिवस बघ, इन्शाल्ला व्हिसा येईल, मग ठरव."

त्याचं चुकलं नव्हतं. चुकलं माझं, कारण मी थांबले. पूर्ण दीड दिवस. ऑपरेशन चालू असताना मी ऑफिसच्या पँट्रीत येरझाऱ्या घालत होते, आणि हातातल्या फोनवर आळीपाळीने दोन गोष्टी बघत होते, भावाचा मेसेज आणि व्हिसाचं स्टेटस. त्यातली कुठली बातमी आधी यावी असं मला वाटत होतं, ते मी अजून नवऱ्यालाही सांगितलेलं नाही.

भावाचा मेसेज आला. ऑपरेशन नीट झालं होतं. मी तशीच टॅक्सी करून गेले आणि पासपोर्ट परत मागितला. फॉर्मवर कारण विचारलं होतं. मी "मदर" एवढंच लिहिलं. साहेबांना रजा पुढेमागे करून हवी म्हटलं, तर ते खुर्चीतून उठलेच. "यल्ला, गो. मदर इज फर्स्ट."

चिपळूणला मी अठरा दिवस राहिले. आईला उठवलं, बसवलं, वॉकर धरून दारापर्यंत चालवलं. रोज ठरवायचे, आज खरं सांगायचं. रोज ती शेजारणींना सांगायची, "आली बघा, भांडून रजा काढलीन." मग मी उठून शेजारणींसाठी चहा टाकायचे.

निघताना तिने वहिनीकरवी फणसपोळीचं पुडकं बांधून घेतलं. मला वाटलं, मुलासाठी असेल.

"साहेबांना दे," ती म्हणाली. "मी उगाच शिव्या घातल्या त्यांना. शेवटी सोडलंन तुला."

परत आल्यावर मी ते पुडकं साहेबांच्या टेबलावर ठेवलं. "व्हॉट फॉर?" त्यांनी विचारलं. "माझ्या आईकडून," एवढंच मला सांगता आलं. त्यांनी तुकडा तोडून खाल्ला आणि आईला शुक्रन, म्हणजे आभार, सांगायला सांगितलं.

रेनकोट अजून कपाटात आहेत, किमतीच्या चिठ्ठ्यांसकट. पासपोर्ट पुन्हा वरच्या खणात आहे. पुडकं दिलं त्या संध्याकाळी मी आईला फोन करून सांगितलं की साहेबांना फणसपोळी आवडली.

"मग आता ओळख झाली," आई खुशीत म्हणाली. "पुढच्या वर्षीची रजा आत्ताच विचारून ठेव. ते नाही म्हणायचे नाहीत."