सागाची गिटार, शिवणीची गिटार

माझे बाबा सुतार. खोपटला एसटी डेपोमागे त्यांचा छोटा कारखाना होता. लाकूड घेताना ते फळीवर बोटांच्या पेरांनी टकटक करत, कान लावून ऐकत आणि आवाज पटला तरच घेत.

माझ्या इलेक्ट्रिक गिटारची बॉडी त्यांनीच बनवली. पहिली सागाची. चांगली वस्तू सागाचीच, हा त्यांचा हट्ट. झालं, गळ्यात दरवाजा अडकवून वाजवतेय असं वाटायचं. आवाज मात्र घट्ट, टणक, जरासा रागीट.

"तुमच्यासारखाच आहे हो," मी चिडवलं. ते काहीच बोलले नाहीत. त्यांना राग आला म्हणून मग मीही दोन दिवस अबोला धरला.

तरी पुढच्या महिन्यात आम्ही दोघं कल्याणच्या वखारीत गेलो. तिथून बाबांनी शिवणीची फळी आणली, हलकी आणि फिकट पिवळी. बॉडी तयार झाल्यावर तारा, पिकअप, सगळं सागावरचं काढून हिच्यावर बसवलं. इलेक्ट्रिकमध्ये लाकडानं फरक पडत नाही म्हणतात. म्हणू देत. डोंबिवलीच्या आमच्या घरात दुपारी पडदे ओढून मी वाजवत होते आणि सूर दुलईसारखा मऊ लागत होता. मी कुठे बसलेय तेच विसरले.

"सागापेक्षा बरा ना?" मी डोळे उघडून विचारलं.

"छान झालीय," बाबा म्हणाले. ते माझ्या ओठांकडे बघत होते.

तेव्हा माझ्या लक्षात आलं. वखारीत त्यांनी टकटक केलीच नव्हती. फळी नुसती हातानं चाचपली होती.

"बाबा, ऐकू येत नाही तुम्हाला?" मी मोठ्यानं विचारलं.

"वर्ष झालं. कमी कमीच होत गेलं."

म्हणजे सागाच्या वेळी त्यांना राग आलाच नव्हता. माझं बोलणं त्यांच्यापर्यंत पोचलंच नव्हतं, आणि मी वेडी दोन दिवस रुसून बसले होते. मला स्वतःची लाज वाटली.

मी गिटार त्यांच्याजवळ नेली. काय करायचं ते मी सांगितलं नाही. त्यांनीच वाकून हनुवटी लाकडावर टेकवली, जबडा घट्ट दाबला. मी एकच तार छेडली, मग दुसरी. त्यांचे डोळे हळूहळू मिटले.

"साग असा नव्हता गं," ते म्हणाले.

मी रडायला लागले तसा माझा हात थबकला.

"थांबू नकोस," बाबा म्हणाले. "येतंय ऐकू."