श्रवणाजवळचा काळा डाग

हे मी सुनंदालाही सांगितलेलं नाही — खरं तर तिलाच सांगायला हवं होतं. माझ्या बायकोला. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही आमच्याकडे चहाला येणार नाही.

आधी माझा वैताग ऐका. धायरीत फ्लॅट घेतला तो केवळ गच्चीसाठी. दुर्बीण आणली, कॅमेरा आणला, आणि बघता बघता समोर आयटीवाल्यांसाठी इमारती उठल्या. मीही आयटीवालाच — बोलणार कोणाला? मला हवा होता श्रवण ताऱ्याजवळचा कृष्णमेघ. हा ढग स्वतः चमकत नाही. मागचे तारे झाकतो, म्हणून फोटोत ताऱ्यांच्या गर्दीत काळा डाग दिसतो. पण त्या इमारतींच्या हॅलोजन दिव्यांमुळे सगळं आभाळच गढूळ नारिंगी आलं, तर डाग दिसणार कसा? वर्षानुवर्षं मी नुसते नारिंगी फोटो काढत बसलो. अक्षरशः डोकं फिरायचं.

त्या दिवाळीत ऑफिसात सॉफ्टवेअरचं रिलीज होतं, सुट्टी नाही. अमेरिकेतल्या क्लायंटला कसली आलीय भाऊबीज? सुनंदा एकटीच माहेरी निघाली, वाशीमकडे. जाताना म्हणाली, छोटी दुर्बीण आणि कॅमेरा नेऊ का? माझ्यासोबत गच्चीवर उभं राहून तिला सगळं जमायला लागलं होतं. मी हसून म्हटलं, ने. एसटीत दुर्बीण मांडीवर घेऊन गेली हो ती. तिकडे भावाच्या ट्रॅक्टरच्या बॅटरीवर दुर्बीण ताऱ्यांमागे फिरवणारी मोटर चालवली आणि फोटो काढले.

परत आली ती बॅगही न उघडता थेट कॉम्प्युटरपाशी. "अहो, बघा ना. आला का तो?"

आला होता. श्रवणाशेजारी, काळाकुळकुळीत. ज्यासाठी मी इतकी वर्षं जीव टाकत होतो, तोच.

आता नीट ऐका. कॅमेऱ्याच्या सेन्सरवर धूळ असली, तर तिचा डाग प्रत्येक फोटोत त्याच जागी राहतो. दुर्बीण जराशी सरकवली, की खरा मेघ मात्र ताऱ्यांबरोबर सरकतो. सुनंदाने तसे फोटो मुद्दाम घेतले होते — मीच शिकवलं होतं ना! डाग सरकला होता. मी तो सरकलेला पाहिला. पाहिला, आणि म्हणालो, "धूळ आहे. कॅमेरा लावताना आत गेली असेल."

का म्हणालो? जळलो, दुसरं काय!

तिचा चेहरा पडला. आधी तिने विचारलं काय, तर कॅमेरा बिघडला का. मी ऐटीत ब्लोअरने सेन्सर साफ केला आणि तिच्यादेखत फोटो डिलीट केले — सगळे. त्यानंतर तिने दुर्बिणीला हात लावला नाही. आणि मला तो मेघ? अजून मिळालेला नाही.

परवा लेकीने — ती त्या दिवाळीनंतर झालेली — ताऱ्यांचे फोटो काढायला शिकवा म्हणून हट्ट धरला. सुनंदा स्वयंपाकघरातूनच म्हणाली, "बाबांकडूनच शीक गं. मी काढले होते एकदा, तर सगळी धूळच आली."

हसत म्हणाली. मीही हसलो, आणि लेकीला सेन्सर कसा साफ करायचा ते दाखवायला बसलो.